निळ्या काठाची बशी

नाताळच्या साफसफाईत कपाटाचा वरचा कप्पा मी नेहमी शेवटी घेते. वर्षभर न लागणारं सगळं तिथं असतं. केकचा साचा, झाकण हरवलेले डबे, लग्नात आलेला आणि कधीच न काढलेला टी-सेट. यंदा स्टुलावर चढून तो कप्पा रिकामा करत होते, तर पार मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती बशी हाताला लागली. चिनीमातीची, निळ्या काठाची, एका जागी नखाएवढा टवका उडालेली. गुंडाळून ठेवली होती मीच. का, तेही पक्कं आठवत होतं. रोज डोळ्यांसमोर नको म्हणून.

बशी शेजारच्या आंटींची.

आम्ही मूळचे नगरचे. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला अजून वळण नाही.) नवऱ्याच्या नोकरीमुळे चौदा वर्षांपूर्वी गोव्यातल्या बार्देशात आलो, म्हापशापासून दहा मिनिटांवरच्या एका वाड्यावर. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे वाड्यावर लहानथोर सगळ्यांची मी ‘टीचर’. इथल्या लोकांना आमचं कोडं पडतं. मराठी बोलतात म्हणजे हिंदू आणि क्रिस्तांव म्हणजे कोंकणी बोलणारे कॅथलिक, अशी त्यांच्या मनात सरळ वाटणी असते. आम्ही मराठी बोलणारे, त्यात प्रॉटेस्टंट. कुठल्याच खणात नीट बसत नाही. आडनाव ऐकून आंटींनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, चतुर्थीला किती दिवस गावी जाणार म्हणून. आम्ही ख्रिस्ती आहोत म्हटल्यावर त्या जरा थांबल्या, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कपाळावर टिकली नाही याची खात्री करून घेतली, आणि म्हणाल्या, “मागीर भितर यो गो.” म्हणजे, मग आत ये. टिकली असती तरी त्यांनी आत बोलावलंच असतं, हे पुढे कळलं.

गोव्यातला नाताळ मला त्यांनी शिकवला. आमच्या नगरच्या नाताळात घराला रंग, नवे कपडे, आणि लाडू, शंकरपाळे, चकल्या, करंज्या असा दिवाळीचाच फराळ दुसऱ्यांदा व्हायचा. इथं त्या फराळाला कुस्वाद म्हणतात. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच, हे पाहून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं. पण दोदोल, बेबिंक, दोस, कलकल ही नावं नवी. कलकलांसाठी आंटींकडे एक खास फणी होती, केसांना कधीही न लागलेली. मैद्याची सुपारीएवढी गोळी तिच्या दात्यांवर ठेवायची, अंगठ्यानं दाबत पुढे लोटायची आणि कडेला आली की सोडायची. गोळीची आपोआप वळकटी होते, वर फणीच्या रेघा, अगदी शंखासारखी. माझ्या पहिल्या पन्नासेक कलकलांना त्यांनी ‘अळयो’ म्हटलं. अळ्या!

दोदोल मात्र एकटीचं काम नाही. माडाचा गूळ, तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध तांब्याच्या भांड्यात चढवलं की तीन-चार तास हात थांबवायचा नाही. थांबलं की बूड लागलं. एकीचा खांदा भरून आला की दुसरीनं उलथनं घ्यायचं. या अदलाबदलीत आमच्या जितक्या गप्पा झाल्या, तितक्या बाकीच्या अकरा महिन्यांत होत नसत. आंटींचा नवरा तारवटी होता, आयुष्यभर बोटीवर. सुट्टीवर यायचा तेव्हा घराची डागडुजी करायचा आणि झाडं लावायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी इंग्लंडला. हे सगळं मला त्या भांड्यावरच कळलं.

तिथंच एकदा कुमसाराची गोष्ट निघाली. नाताळच्या आधीच्या आठवड्यात वाड्यावरची सगळी माणसं फादरकडे कुमसाराला जातात, पापांची कबुली द्यायला. आंटी त्या दिवशी दुपारीच नेसून-बिसून तयार. मी म्हटलं, आमच्यात असं पाद्रीसमोर बसून सांगणं नसतं, आम्ही देवापुढे मनातल्या मनात कबूल करतो. त्यांनी ढवळायचं थांबवलं नाही, नुसत्या भुवया उंचावल्या. “तुमकां कुमसार ना? मागीर पातकां खंय दवरतात तुमी?”

मग पापं ठेवता कुठं तुम्ही?

तेव्हा मी पोट धरून हसले होते. नवऱ्याला सांगितलं, नगरला फोन करून आईला सांगितलं. आईही हसली. उत्तर मात्र कुणाकडेच नव्हतं.

आता भांडणाचं सांगते. मोठं काही नव्हतं, भांडणं बहुधा नसतातच. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एक गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आहे, आणि गडग्यापलीकडे मानकुराद आंब्याचं कलम. त्याची एक फांदी वर्षागणिक आमच्या छपरावर सरकत होती. पावसात कौलं सरकायची, लेकीच्या अभ्यासाच्या टेबलावर पाणी टपकायचं. त्या वर्षी मे महिन्यात आंटी मुलीकडे गेल्या होत्या आणि आम्हाला पावसाआधी कौलं चाळून घ्यायची होती. कामाला आलेला माणूस म्हणाला, फांदी तोडल्याशिवाय काही उपयोग नाही. मी म्हटलं, तोड. फोन करून विचारता आलं असतं. नंबर होता. पण ‘आल्यावर सांगू’ असं म्हटलं, आणि खरं सांगायचं तर, विचारलं तर नाही म्हणतील हे मला माहीत होतं.

जूनमध्ये त्या आल्या. गडग्याशी उभ्या राहून त्यांनी आधी त्या खोडाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. झाड नवऱ्यानं लावलेलं होतं, हे मला कुणी नव्यानं सांगायची गरज नव्हती. त्या ओरडल्या. तेही चाललं असतं. पण मग मी बोलले. “झाड तुमचं, कौलं आमची. नवऱ्याची आठवण आमच्या छपरावर कशाला?”

वाक्य तोंडातून गेलं आणि मला ते ऐकू आलं. आंटी काही न बोलता आत गेल्या.

त्याआधीच्या नाताळात त्यांच्याकडून दोस आणि नेवऱ्या भरून आलेली ही बशी माझ्याकडेच राहिली होती. शेजारची बशी रिकामी परत करायची नाही, ही रीत नगरलाही आणि इथंही. ईस्टरला काहीतरी करून देऊ म्हणत राहिले आणि राहून गेलं. मग जून उजाडला. त्यानंतरचे दोन नाताळ आमच्या दोघींच्या घरात दोदोल झालं नाही. बाजारातून आणलं, निदान मी तरी.

यंदा मात्र मी ठरवलं होतं की नाताळची तयारी नुसती घराची करायची नाही, मनाचीही करायची. हे वाक्य मी दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी म्हणते. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळची वाट पाहण्याचे, चार रविवार मंडळीनं (चर्चनं) ठरवून दिलेले आहेत ते त्यासाठीच. 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या मधे जो रविवार येईल तो पहिला. वाड्यावरच्या चर्चमध्ये त्या दिवसापासून फादरांच्या अंगावर जांभळा झगा येतो, तिसऱ्या रविवारी तेवढा गुलाबी. रविवारच्या मीसमध्ये, म्हणजे उपासनेत, ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत गात नाहीत, ते राखून ठेवतात थेट नाताळच्या रात्रीसाठी. मला ही गोष्ट फार आवडते. गाणं पाठ आहे, गळा आहे, आणि तरी चार आठवडे गायचं नाही. आमच्या चार-पाच मराठी कुटुंबांची प्रार्थना महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी होते. तिथं असली शिस्त नाही. आम्ही पहिल्या रविवारपासूनच नाताळची गाणी सुरू करतो आणि पंचविसापर्यंत घसे बसवून घेतो.

बाहेर तर नोव्हेंबरातच सुरू झालेलं असतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चांदण्यांच्या माळा लटकलेल्या, सुक्या मेव्याचे ढीग, नारळाचा भाव ऐकून मागे सरणाऱ्या बायका. 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त. त्यासाठी सावंतवाडी-बेळगावकडून पायी आलेल्या माणसांचे जथे रस्त्यानं दिसतात, आणि नगरच्या माणसाला वारी आठवल्याशिवाय राहत नाही. 8 तारखेला पणजीच्या टेकडीवरच्या चर्चचं फेस्त. मग मुलांच्या परीक्षा, मग 19ला मुक्तिदिनाची सुट्टी, आणि त्या सुट्टीत सगळी राहिलेली कामं. आगमनकाळ मधल्यामधे कुठं चिरडला जातो, कळतही नाही.

मी वेळापत्रक केलं. पहाटे पाचला उठायचं, बायबलातल्या यशयाचा एक अध्याय, प्रार्थना, शांत बसणं. पहिले तीन दिवस झकास गेले. चौथ्या दिवशी बसल्याबसल्या डोळा लागला आणि लेकीची स्कूलबस चुकली. शांत बसायला गेलं की खोबरं किती लागेल याचा हिशेब डोक्यात सुरू व्हायचा. हिशेब थांबला की बशी.

शेवटी वेगळंच काहीतरी करून पाहिलं. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत आहे, ती घरी आणली. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट मिशनरी 1579 साली गोव्यात आला, इथल्या साष्टी तालुक्यात राहिला, इथल्या लोकांची बोली शिकला आणि त्यानं ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत लिहिली. 1616 मध्ये रायतूरला, ज्याला राशोल म्हणतात तिथं, ती रोमन लिपीत छापली गेली. म्हणजे मराठी ख्रिस्ती हा प्रकार गोव्याला नवा नाही. चारशे वर्षांपूर्वी साष्टीतल्या चर्चमधून माणसं मराठी ओव्या ऐकत होती. आंटींना हे मी एकदा सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, “मग तू उशिरा आलीस.”

मी त्या पुराणात बाळाच्या जन्माची गव्हाण शोधायला गेले. ती सापडेना. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ, आणि त्यातल्या पहिल्या चार हजारांहून अधिक ओव्या ख्रिस्त येण्याच्या आधीच्याच! सृष्टीची उत्पत्ती, आदाम-एवा, जलप्रलय, संदेष्टे, राजे. वाट पाहणं म्हणजे काय, हे या माणसानं सांगितलं नाही, ऐकणाऱ्यांकडून करूनच घेतलं. मी वर्गात ज्ञानेश्वरी शिकवते, ओवीची लय तोंडात आहे, म्हणून रोज रात्री भांडी आवरली की वीस-पंचवीस ओव्या मोठ्यानं वाचायला लागले. काही शब्द अडायचे. लेक म्हणायची, “आई, बाळ कधी येणार यात?” मी म्हणायचे, अजून नोहासुद्धा नावेत चढला नाही.

असाच प्रश्न जर्मनीत हाम्बुर्गला गरीब मुलांच्या एका घरात मुलं विचारायची, नाताळ किती दिवसांवर आला म्हणून. तिथल्या योहान विचर्न नावाच्या पाळकांनी 1839 साली गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. आज चर्चमध्ये चार मेणबत्त्यांचं जे हिरवं कडं दिसतं, ते तिथून आलं. गाडीचं चाक हे वाचून मला बरं वाटलं. घरात जे पडलंय त्यातूनच.

आमच्या घरात मेणबत्त्यांऐवजी नाचणी असते. हेही आंटींचंच. गोठ्यासाठी, म्हणजे बाळ येशूचा देखावा करतात त्यासाठी, हिरवळ लागते. पसरट ताटात माती घालून नाचणी पेरायची, वर ओलं फडकं टाकायचं, रोज पाणी शिंपडायचं. दहा-बारा दिवसांत बोटभर वाढते. नगरला शेजारच्या काकूंच्या घटात धान्य उगवायचं, तसंच. एकदा विसरून उशिरा पेरली आणि तेविसाला दुकानातून प्लॅस्टिकचं गवत आणावं लागलं. त्यावर मेंढ्या उभ्याच राहत नव्हत्या, सारख्या घसरायच्या. यंदा 12 तारखेला पेरली. पेरताना कुस्वादाची यादी समोर होती. कुणाकुणाकडे ताट जायचं त्याची. समोरचे, मागचे, मुख्याध्यापिका, लेकीच्या बसचा ड्रायव्हर, दूधवाला, चतुर्थीला मोदक पाठवणारं घर, ईदेला शेवया पाठवणारं घर. बावीस नावं. दर वर्षीची यादी मी आदल्या वर्षीच्या यादीवरून उतरवते, त्यामुळे त्यातून एक नाव गळालेलं आहे हे दिसतच नाही. एकदा उतरवलं नाही, की पुढच्या वर्षी आपसूकच नसतं.

पातकां खंय दवरतात तुमी? वरच्या कप्प्यात, आंटी. वर्तमानपत्रात गुंडाळून.

मला वडील आठवले. आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 साली आलं. तिथल्या जुन्या मंडळींपैकी एका मंडळीत मी वाढले. पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं, भेटलं की ‘सलाम’. नाताळच्या आधी एका रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि प्याला सगळ्यांत फिरवायची उपासना, असायचं, आणि त्याआधी पाळकसाहेब न चुकता मत्तयाच्या शुभवर्तमानातला तो भाग घ्यायचे: वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. मंडळी माना डोलवायची. मी आठवी-नववीत असताना एका वर्षी एवढं वाचून होतंय तोच वडील बाकावरून उठले आणि सरळ बाहेर गेले. आई लाजेनं अर्धी झाली. जमिनीवरून काकांशी त्यांचं तीन वर्षं बोलणं नव्हतं, हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. भाकर आमच्या बाकावरून पुढे गेली, प्याला गेला, वडिलांची जागा रिकामी. उपासना संपल्यावर ते फाटकाशी उभे दिसले. एकटेच. आईनं विचारलं तर म्हणाले, “घरी नव्हता.” आणि सायकल काढली. पुढे समेट झाला, पण तो बराच नंतर, आणि दुसऱ्याच कारणानं.

लहानपणी मला ती फजिती वाटायची. आता त्यांचं ते बाकावरून उठणं आठवतं. मत्तयातलं ते वाक्य नीट वाचलं तर ‘तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर’ असं नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी असेल तर, असं आहे. मी दोन वर्षं स्वतःला सांगत होते की माझ्या मनात आंटींविषयी काही नाही. खरंच नव्हतं.

बावीस तारखेला करंज्या तळल्या. सारण खोबरं, तीळ, खसखस, काजू, साखर. दीडशेच्या वर झाल्या. संध्याकाळी बशी धुतली, पुसली, टवक्याची बाजू खाली येईल अशी धरून त्यावर नऊ करंज्या रचल्या, आणि थोडे कलकल, जे अजूनही अळ्यांसारखेच होतात. वर क्रोशाचा रुमाल. नवरा म्हणाला, “मी येऊ?” मी नको म्हटलं. काय बोलायचं ते तोंडात घोळवत निघाले. कोंकणीत म्हणायचं की मराठीत, इथपासून अडलं होतं. गडग्यावरून पलीकडे जायची आमची जुनी वाट होती, पण फाटकाकडून गेले. मधे ती तोडलेली फांदी लागली असती.

आंटी बाल्कांवावर, म्हणजे ओसरीवर, दिवा लावून नखेत्राची (नाताळच्या चांदणीची) तुटलेली काठी सुतळीनं बांधत बसल्या होत्या. मला पाहिलं, आणि सुतळी बांधून होईपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग हात पुसले. मी बशी पुढे केली. घोळवलेल्यातलं एकही वाक्य निघालं नाही. “आंटी, मी तेव्हा जे बोलले ते फार वाईट बोलले,” एवढंच मराठीत म्हटलं. फांदीचं राहिलंच.

त्यांनी रुमाल उचलून बशीकडे पाहिलं. करंज्यांकडे नाही, काठाकडे. टवका कुठं आहे ते बोटानं चाचपलं. मग उभ्याउभ्याच एक करंजी मोडली, अर्धी तोंडात टाकली आणि चावत राहिल्या. बराच वेळ.

“वेलची उणी,” त्या म्हणाल्या.

उरलेली अर्धी परत बशीत ठेवली, बशी घेऊन आत गेल्या, आणि जाता जाता दार ओढून घेतलं. कडी लागल्याचा आवाज मात्र आला नाही. मी मिनिटभर तिथं उभी होते. मग त्यांचा कुत्रा भुंकायला लागला, तशी घरी आले. लेकीनं नाचणीच्या ताटावरचं फडकं काढून ठेवलं होतं, आणि कढई अजून गॅसवरच होती.

दुसऱ्या घाण्याला मी वेलची वाढवली.